शेजाऱ्याच्या रायफलीचा दस्ता



आमच्या घरात बंदूक नाही, कधी नव्हती. तरीसुद्धा २०२२ च्या हिवाळ्यात आमच्या तळघरातल्या मेजावर दोन महिने एका शिकारी रायफलीचा दस्ता पडून होता. दस्ता म्हणजे बंदुकीचं लाकडी अंग, जे खांद्याला टेकवतात ते. त्याला चीर गेली होती. ती चीर आम्ही कशी बुजवली, हे नातवंडं अजून विचारतात, म्हणून एकदा लिहूनच काढावं असं ठरवलं. आम्ही म्हणजे आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी. आमच्यातली एक चाळीस वर्षं नर्स होती. दुसरा माटुंग्याच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात सुतारकाम शिकला आणि इकडे आल्यावर फर्निचरच्या कारखान्यात निवृत्त झाला. इथे जे लिहिलं आहे ते दोघांच्या डोक्यातून आलेलं आहे, कोणाचं किती ते विचारू नका.

आम्ही राहतो पेनसिल्व्हेनियात. इथे हरणाची शिकार हा जवळजवळ सणच. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हंगाम उघडायचा आणि खेड्यापाड्यांतल्या शाळा त्या दिवशी चक्क बंद असायच्या. २०१९ पासून हंगाम शनिवारी उघडू लागला. आपल्याला गोळीने मारलेलं जनावर चालत नाही, हरीण जातीने कोशर असलं तरी नाही, तेव्हा शेजाऱ्यांनी प्रेमाने आणलेलं मांस आम्ही वर्षानुवर्षं हात जोडून परत केलं. पण त्याच शेजाऱ्यांच्या मोडक्या खुर्च्या, पाळणे, जिन्याचे कठडे आमच्या तळघरात दुरुस्त झाले. त्यामुळे एक दिवस पलीकडच्या घरातले गृहस्थ ब्लँकेटात गुंडाळून दस्ता घेऊन आले, ह्यात नवल नव्हतं. त्यांनी पोलादी भाग घरीच काढून ठेवला होता. अमेरिकेच्या कायद्यात बंदूक म्हणजे तो मधला पोलादी भाग, ज्यावर नंबर कोरलेला असतो. लाकूड हे नुसतं लाकूड.

ते म्हणाले, "थोडा गोंद लावून द्या. एप्रिलमध्ये अलास्काला जायचंय, कोडिॲक बेटावर, अस्वलासाठी."

रायफल त्यांच्या वडिलांची. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, बुडाजवळ वडिलांच्या नावाची आद्याक्षरं चाकूने कोरलेली. दुकानात प्लॅस्टिकचा नवा दस्ता मिळतो, तो नको होता त्यांना. आम्हांलाही ते पटलं.

आता मुलांनो, ही रायफल साधी हरणाची नव्हती. तिचं काडतूस .३७५ होलंड अँड होलंड मॅग्नम. लंडनच्या बंदूकवाल्यांनी ते १९१२ मध्ये काढलं, आफ्रिकेतल्या मोठ्या जनावरांसाठी. आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या शिकारीतही ते असायचं. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि भारतातला तो सगळा कारभार बंद झाला, हे आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. अलास्कात मात्र अस्वलासाठी हे काडतूस आजही नेतात. कोडिॲकचा मोठा नर सहाशे किलोपर्यंत भरतो.

नातू तेव्हा नववीत होता. आमच्यातली नर्स माझगावच्या सर एली कदुरी शाळेत न्यूटनचा तिसरा नियम मराठीतून शिकलेली, क्रिया आणि प्रतिक्रिया. तिने नातवाला गणित घातलं. गोळी १९ ग्रॅमची, वेग सेकंदाला साडेसातशे मीटरच्या आसपास. तिच्याबरोबर नळीतून साडेचार ग्रॅम दारूचा वायूही सुसाट बाहेर पडतो, तो गोळीपेक्षा वेगवान. रायफल सव्वाचार किलोची. ती मागे किती वेगाने येईल? उत्तर आलं, सेकंदाला पाच मीटरच्या आसपास. म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. पोरगा म्हणाला, "आजी, ही तर माझ्या सायकलची स्पीड!" बरोबर. सव्वाचार किलोची वस्तू सायकलच्या वेगाने खांद्यावर आदळते. हरणाच्या नेहमीच्या रायफलीच्या जवळजवळ दुप्पट धक्का.

हा धक्का लाकडाने खांद्यापर्यंत नेऊन पोचवायचा असतो. त्यासाठी नळीखाली पोलादाचा एक चौकोनी खुंटा असतो. तो दस्त्यात कोरलेल्या खाचेत बसतो आणि त्याची मागची सपाट बाजू लाकडाच्या जाड भिंतीला नीट टेकलेली असते. सगळा जोर त्या भिंतीने घ्यायचा. त्याच्या मागे काडतुसांच्या पेटीचा खड्डा, मग चापाचा खड्डा, आणि दोन्हींच्या मध्ये लाकडाची एक पातळ भिंत. अगदी मागे पोलादाची एक निमुळती शेपटी दस्त्याच्या मानेत बसवलेली. मान म्हणजे जिथे हाताची मूठ येते ती बारीक जागा. तिथे लाकूड सगळ्यात कमी. शेपटीने लाकडाला ढकललं तर ती पाचरीसारखी शिरते. लाकूड उभं फाडायला किती सोपं असतं, हे कुऱ्हाडीने सरपण फोडलेल्या माणसाला सांगायला नको.

दस्ता उजेडात धरला तर मानेवर केसासारखी एक रेघ दिसत होती. ती कुठपर्यंत गेली आहे ते मात्र डोळ्यांना कळेना. मग आमच्यातल्या नर्सने इंजेक्शनच्या आधी दंडाला लावतात तो स्पिरिटचा बोळा फिरवला. सपाट लाकूड अर्ध्या मिनिटात वाळतं, फटीत गेलेलं स्पिरिट वाळत नाही, त्यामुळे चीर काळ्या शाईने काढल्यासारखी उमटते. मानेवरची चीर पाच सेंटिमीटर निघाली. आणि आतल्या पातळ भिंतीतही दुसरी चीर होती, जी शेजाऱ्यांना माहीतच नव्हती.

सुतार म्हणाला, "हे गोंदाचं काम नाही. दोन ठिकाणी फाटलंय म्हणजे कोणीतरी दोन ठिकाणी ढकलतंय."

पुढच्या रविवारी शेजाऱ्यांना पोलादी भाग घेऊन बोलावलं. गोळ्या घरी ठेवून या म्हणालो, आणि आल्यावर कळ उघडून आत काही नाही हे तिघांनी डोळ्यांनी पाहिलं. माटुंग्याला दोन भाग एकमेकांना कुठे टेकतात ते पाहायला काजळी आणि तेलाचा लेप लावायचे. इथे काजळी कुठून आणणार? लिपस्टिक सापडली, सुनेची, लालभडक. खुंट्याच्या मागच्या बाजूला आणि शेपटीला पातळ थर लावला, पोलाद दस्त्यात बसवलं, स्क्रू आवळले, पुन्हा काढलं. खुंट्यामागची भिंत सगळी लाल व्हायला हवी होती. लाल फक्त डावीकडचा कोपरा, शेंगदाण्याएवढा. आणि शेपटीमागचं लाकूड मात्र काठोकाठ रंगलेलं. याचा अर्थ जाड भिंत बसून होती आणि सगळा भार मान सोसत होती.

पण एवढ्याने आमच्यातल्या नर्सचं समाधान होईना. रायफल वडिलांच्या काळापासून चालत आली, मग आत्ताच का फुटावी? म्हातारी बाई मांडीचं हाड मोडून आली की आम्ही आधी विचारायचो, पडलात कशा? चक्कर आली का? औषध बदललं का? नुसतं हाड जोडून घरी पाठवली तर महिन्याने पुन्हा हजर. म्हणून शेजाऱ्यांना बसवून चहा दिला आणि सगळी हकिगत विचारली. एकेक गोष्ट बाहेर आली. दोन वर्षांपूर्वी उजव्या खांद्याचा स्नायू फाटून ऑपरेशन झालेलं. तेव्हापासून नेमबाजीच्या मैदानावर ते रायफल हातात न धरता एका लोखंडी घोडीवर ठेवून उडवत. त्या घोडीवर शिशाच्या छऱ्यांच्या अकरा-अकरा किलोंच्या दोन पिशव्या ठेवलेल्या, म्हणजे रायफल मागे सरकतच नाही, खांद्याला काही लागत नाही.

हे ऐकल्यावर सुतार हसायलाच लागला. खांद्यावर बसणारा धक्का नाहीसा होत नाही हो. माणूस मागे झुकतो, खांदा दबतो, त्यात तो जिरतो. रायफल मागून जखडून ठेवली की तोच धक्का लाकडात जिरायला लागतो. अशा वजनदार घोडीवर जड रायफलींचे दस्ते फुटतात, ही बंदूकवाल्यांना माहीत असलेली गोष्ट आहे. त्यात इथल्या हिवाळ्यात घरं चोवीस तास तापवलेली, हवा कोरडी, लाकूड आक्रसतं आणि स्क्रू सैल पडतात. मागचा स्क्रू तर जरा जोर लावताच फिरला होता.

मग थोडं अवघड बोलणं झालं. शेजारी म्हणाले, "तुम्ही चिकटवून द्या, बाकी मी बघतो." आम्ही म्हणालो, नाही. नुसतं चिकटवून दिलं तर वरून सुंदर दिसेल आणि दहाव्या गोळीला पुन्हा उघडेल, कदाचित अस्वलासमोर. मान तुटली तर पोलादाची शेपटी अंगठ्याच्या बेचक्यात शिरते, कारण हात तिथेच असतो. आणि रायफल नीट धरलेली नसली की वरची दुर्बीण भुवईवर येते. हंगामात इमर्जन्सीमध्ये अर्धचंद्राची जखम घेऊन आलेले किती शिकारी टाके घालून घेत, त्यांना आम्ही नावावरून नाही, भुवईवरून ओळखायचो. शेजारी रागावले. दस्ता उचलून न्यायला निघाले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन मेजावर ठेवला. "करा काय ते," म्हणाले.

काम सुरू झालं ते तेल काढण्यापासून. बंदुका कपाटात नळी वर करून उभ्या ठेवतात. पोलादाला लावलेलं तेल वर्षानुवर्षं हळूहळू खाली झिरपतं आणि नेमकं त्या मानेच्या लाकडात मुरतं. तेलकट लाकूड मऊ पडतं, काळं होतं आणि कुठलाही गोंद धरत नाही. खडूची भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून लेप लावला. वाळताना तो पिवळा पडतो, म्हणजे तेल ओढतोय. झटकायचा, पुन्हा लावायचा. असं नऊ वेळा केलं, तेही अंगणात थंडीत कुडकुडत, कारण ॲसिटोन भुर्रकन पेट घेतं आणि तळघरात पाणी तापवायचा बंब आहे. मुलांनी हे मोठ्या माणसाशिवाय करायचं नाही.

गोंद कुठला, यावर आमच्यात दोन दिवस वाद चालला. माटुंग्याला सरस असायचा. तो उकळताना जो वास सुटे तो आठवला की अजून माटुंगा डोळ्यांपुढे येतं. पण सरस दमट हवेत सुटतो आणि धक्क्याने तडकतो. पांढरा गोंद खुर्चीला उत्तम, पण सतत ताण असेल तर हळूहळू सरकतो. शेवटी एपॉक्सी, तेही पाच मिनिटांत घट्ट होणारं नाही, चोवीस तास घेणारं. सावकाश वाळणारं आत खोल जातं. हेअर ड्रायरने दस्ता कोमट केला, म्हणजे एपॉक्सी पातळ होऊन वाहतं. बारीक लाकडी पाचरीने चीर जरा उघडी धरली, अगदी जरा, आणि सिरिंजने जाड सुईतून एपॉक्सी आत सोडलं. पलीकडून थेंब बाहेर येईपर्यंत सोडत राहायचं.

आता आवळायचं कशाने? मान गोल आणि निमुळती, शिकंजा लावला की घसरतो. नर्सने खणातून रबरी नळी काढली, रक्त घेताना दंडाला बांधतात तसली. ती ताणून ताणून मानेभोवती गुंडाळली, वेढ्यावर वेढा, की चारी बाजूंनी सारखा दाब बसतो. सुताराला हे पसंत पडलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्या खणातली एकही वस्तू कधी त्याच्या कामी आली नव्हती, असं तो म्हणाला. हे खरं नाही, पण असो.

तो शुक्रवार होता. डिसेंबरात इथे पावणेपाचच्या आधीच सूर्य जातो. दोन वाजता नळी बांधून झाली, हात धुतले, दिवे लावायच्या तयारीला लागलो. शनिवारी तळघराचा दिवासुद्धा लावला नाही. त्यामुळे एपॉक्सीला कोणी बोट लावून पाहिलं नाही, नाहीतर सुताराची सवय आम्हांला माहीत आहे. रविवारी सकाळी नळी सोडली आणि स्पिरिटचा बोळा फिरवला. चीर काळी उमटली नाही.

आतल्या भिंतीत चिरेला आडवी दोन बारीक भोकं पाडून आटे असलेली पितळी सळई एपॉक्सीत बसवली, मानेत एक तिरकी. आट्यांमुळे गोंदाला पकड मिळते. बाहेरून काही दिसत नाही. हे काम तासाभराचं.

खरं काम त्यानंतरचं, खुंट्यामागची बैठक. तिथलं जुनं लाकूड पटाशीने थोडं खरवडून काचतंतू घातलेलं घट्ट एपॉक्सी भरायचं आणि ओलं असतानाच पोलाद त्यात बसवायचं, म्हणजे एपॉक्सी खुंट्याच्या आकाराचं होतं आणि सगळी मागची बाजू टेकते. पोलाद चिकटून बसू नये म्हणून त्याला बुटाचं बिनरंगी पॉलिश दोनदा लावलं. भोकांत नातीची खेळायची माती भरली. खुंट्याच्या पुढे, खाली आणि दोन्ही बाजूंना चिकटपट्टीचा एक थर, म्हणजे नंतर पट्टी काढली की तिथे फट राहते आणि खुंटा फक्त मागेच टेकतो. दुसऱ्या दिवशी पोलाद सुटेना तेव्हा आमच्या पोटात गोळा आला होता. लाकडी हातोडीने नळीवर हलके ठोके देत देत सुटलं. लिपस्टिक पुन्हा लावली. भिंत सगळी लाल.

शेवटी शेपटीमागचं लाकूड घासून तिथे पत्त्यांची दोन पानं सरकतील एवढी फट ठेवली. शेजाऱ्यांना ही फट म्हणजे खराब काम वाटलं. त्यांना सांगितलं, जड रायफलीत ती हवीच, शेपटीने लाकडाला शिवायचं नाही. स्क्रू आवळताना पुढचा घट्ट, मागचा घट्ट आणि मधला फक्त टेकवायचा. मधला जोरात आवळला तर पोलाद वाकतं. आणि मैदानावर नेण्याआधी परवानाधारक बंदूक कारागिराला दाखवून या, हेही बजावलं. त्याने पाहून ठीक आहे म्हटलं. मान आरपार आडवी तुटली असती तर आम्ही हात लावला नसता हे आम्ही सांगितलं होतं, त्यानेही तेच सांगितलं.

राहता राहिला खांदा. घोडी आता वापरायची नाही, मग खांद्याचं काय? नर्सने एवढंच म्हटलं, "ज्या सर्जनने शिवलाय त्याला विचारा, आणि रायफल कोणती ते लपवू नका." ते गेले. सर्जनने ह्या रायफलीला साफ नकार दिला. दोन आठवडे शेजारी कोणाशी बोलले नाहीत. त्यांच्या बायकोने आम्हांला एकदा कुंपणाशी विचारलं, तुम्हांला कशाला ते बोलायचं होतं? आम्ही गप्प राहिलो.

मग एका रविवारी त्यांची मुलगी आली. तिशीची, उंच, लहानपणापासून वडिलांबरोबर रानात जाणारी. दस्त्याच्या बुडाला जाड मऊ रबर लावून घेतलं. मैदानावर तिने उभं राहून सहा गोळ्या मारल्या. बसून मारलं की धक्का जास्त लागतो, उभ्या माणसाला मागे झुकता येतं. दर दोन गोळ्यांनंतर वडील स्पिरिटचा बोळा फिरवत होते, हे तिनेच हसत हसत सांगितलं.

एप्रिलअखेर बापलेक दोघं कोडिॲकला गेले. अलास्कात बाहेरून आलेल्याला ह्या अस्वलाच्या शिकारीला सहसा परवानाधारक वाटाड्या लागतो, तो होताच. रायफल तिने उचलली, वडिलांच्या हातात फक्त दुर्बीण. बरेच दिवस पाऊस आणि धुकं. एक अस्वल दिसलं, मादी, बरोबर पिल्लं, आणि पिल्लं असलेल्या मादीला मारायला तिथे बंदी आहे. चाप एकदाही ओढला नाही. वडील परत आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन.

मानेवरची रेघ अजून दिसते. शेजारी म्हणाले होते, रंग लावून लपवा. सुताराने लावला नाही. चीर पुन्हा उघडायला लागली तर दिसायला नको का? आता ते रायफल कपाटात नळी खाली करून ठेवतात, आणि दर हिवाळ्यात हंगामाआधी आमच्याकडे स्पिरिटचे बोळे मागायला येतात. औषधाच्या दुकानात मिळतात असं आम्ही सांगितलं आहे, पण ते इथेच येतात.